चाळीस पौंड हवा आणि यमुनेची रेती

मी एक जुनी फौजी गाडी आहे. पाठीवर एक टन ओझे नेते म्हणून फौजेत मला वन-टन म्हणत. मित्रांनो, रस्त्यावर ज्या डबीएवढ्या चकचकीत मोटारी तुम्ही पाहता, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक आहे ते आधीच सांगून टाकते. त्यांची दोन चाके ओढतात आणि उरलेली दोन नुसती फिरत येतात, लग्नातल्या पाहुण्यांसारखी. माझी चारही चाके कामाला लागतात. माझ्या घरी फुकट खाणारे कोणी नाही.

माझा जन्म जबलपूरच्या कारखान्यात एकोणीसशे अडुसष्ट साली झाला. शाळा मला नाही. अंगावर जेवढे रंगवले तेवढेच मला वाचता येते. पुढे एक नंबर, मागे एक नंबर, आणि प्रत्येक चाकावरच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात ४०. या चाकात चाळीस पौंड हवा भरायची, असा त्याचा अर्थ. फौजेत असेच असते. कोणी किती खायचे ते अंगावरच लिहून ठेवतात, म्हणजे वाद नको.

पहिली वर्षे मी सिक्कीमच्या डोंगरात काढली. माझा ड्रायव्हर होता कृष्णात चौगुले, कोल्हापूरकडचा, अंगाने बारीक आणि शिस्तीने जाडजूड. रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी तो माझे तेल-पाणी बघायचा. हातोडीने एकेक नट ठोकून आवाज ऐकायचा. मग खिशातला पितळी गेज काढून चारही चाकांची हवा मोजायचा. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस भरली तर पंप मागवायचा. त्याला कारण होते. तिकडच्या रस्त्यावर दगड सुरीसारखे असतात, आणि नरम टायर दगडावर चिरतो. अशीच आमच्या पुढची एक गाडी टायर फाटून दरीत गेलेली आम्ही दोघांनी पाहिली होती. त्या दिवसापासून मडगार्डवरचा आकडा कृष्णातला देवाच्या नावासारखा झाला.

कौतुकही खूप झाले. एकदा ब्रिगेडियर साहेबांची जीप चिखलात रुतली, ती मी एका दमात ओढून काढली. साहेबांनी शाबासकीची थाप मारली ती माझ्या बॉनेटवर, कृष्णातच्या पाठीवर नाही. ते त्याच्या अजून मनात आहे.

शहाऐंशी साली फौजेने मला म्हातारी ठरवून दिल्ली छावणीच्या लिलावात उभे केले. कृष्णात वर्षभर आधी पेन्शनवर आला होता आणि पालमला दोन खोल्यांचे घर बांधून राहिला होता. लिलावात रांगेने चाळीस गाड्या होत्या, सगळ्यांचा रंग एकच. तो सरळ माझ्यासमोर येऊन थांबला. माझ्या मागच्या फळीला वेल्डिंगचा एक वाकडा व्रण आहे. तो त्यानेच केलेला, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. त्याने मला घरी आणले तेव्हा त्याची बायको भीमाबाई दारात उभी होती. ती मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "अहो, मला वाटले पेन्शनीत तुम्ही एकटेच घरी येणार. आता हिलाही मीच आंघोळ घालायची का?"

तरी घातली. माझ्या अंगाला फौजेत दहा जणांनी पाणी लावले असेल, पण चाकांच्या आतल्या बाजूचा चिखल काढणारी ती एकटीच.

पुढची सहा वर्षे मी दिल्ली पाठीवर घेतली. सरकारी नोकरांची घरे नोकरीबरोबर बदलतात. आर. के. पुरमात कोणाला मोठे क्वार्टर मिळाले की त्यांची कपाटे, पलंग, तुळस, सगळे माझ्यावर. मराठी मंडळाचा गणपतीही माझ्यावरूनच जायचा. एका चिनी मातीच्या बरणीलाही मी तडा जाऊ दिला नाही. विचारा कोणालाही.

मग तीन चाकांचे टेंपो आले. पेट्रोल कमी प्यायचे, गल्लीत शिरायचे. माझे काम गेले. दोन वर्षे मी पालमच्या घरामागे भिंतीला लागून उभी राहिले. बॉनेटवर भीमाबाई मिरच्या वाळत घालायची. मित्रांनो, ब्रिगेडियरचा हात पडलेल्या बॉनेटवर मिरच्या. एक दिवस मायापुरीचा भंगारवाला आला. तिथे जुन्या गाड्या कापून किलोवर विकतात. त्याने बोटांच्या पेरांनी मला टकटक वाजवले, कलिंगड बघतात तसे, आणि भाव सांगितला. कृष्णातने त्याला चहा दिला, पण हो म्हटले नाही.

तेवढ्यात बातमी आली. आर. के. पुरमातले दत्तात्रय जोगळेकर, ज्यांचे घर आम्ही तीनदा हलवले होते, ते म्हणाले, "चौगुले, एका कंपनीला यमुनेच्या खादरात जागोजागी भोके पाडून माती तपासायची आहे. दोन वर्षांचे काम आहे. चारही चाके ओढणारी गाडी पाहिजे. पंधरा दिवसांनी परीक्षा घेणार आहेत."

खादर म्हणजे नदीने पूर ओसरल्यावर मागे सोडलेली जमीन. अलीकडे ओखल्याचा बंधारा, पलीकडे नोएडा, मध्ये रेतीचा लांब पट्टा आणि काकडी-खरबुजांचे वेल. परीक्षा अशी होती, की आठ माणसे आणि लोखंडी पाइप घेऊन बंधाऱ्यापासून रेतीतून लाल झेंडीपर्यंत जायचे आणि परत यायचे. कृष्णात घरी येऊन एवढेच म्हणाला, "हिला काम मिळाले तर राहील. नाही मिळाले तर भंगारवाल्याला बोलावतो. उभ्या उभ्या गंजताना मला बघवत नाही."

हे ऐकून मी हलले नाही, कारण बॅटरी उतरलेली होती. पण ऐकले सगळे.

त्यांचा मुलगा विनायक नोएडाच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होता. दिल्लीत वाढलेला, अर्धा मराठी बोलायचा, अर्धा इकडचे. तो करोल बागेतून एक यादी घेऊन आला. गाडी उंच करायच्या स्प्रिंगा, रुंद टायर, पुढे लोखंडी गार्ड, छतावर चार दिवे, आणि गाडीला दोराने ओढून काढणारा विंच. सगळ्यांची बेरीज केली तर बरोबर वरच्या खोलीच्या स्लॅबएवढी होत होती. ती खोली विनायकच्याच लग्नासाठी बांधायची होती. भिंती झाल्या होत्या, डोक्यावर आभाळ होते.

"आई, यार, समज ना. एकदा लावले की गाडी कुठेही जाईल. बिल्कुल टँक."

"यार असेल तो दुकानदार तुझा," भीमाबाई म्हणाली. "आणि बायको आणून टँकमध्ये ठेवणार आहेस का?"

तरी तिने नाही म्हटले नाही. म्हणाली, दुकान दाखव.

आम्ही चौघे करोल बागेत गेलो. चौथी मी. दुकानदार मोठा गोड माणूस. त्याने भीमाबाईला स्टूल दिले, थंडा मागवला. "माताजी, ये सब डलवा लो, गाड़ी पहाड़ चढ़ेगी."

"पहाड़ तो ये पहले से चढ़ती है," ती म्हणाली. "मेरे को रेती का बताओ."

मग एकेक वस्तू तिच्यासमोर आली. स्प्रिंगा घातल्या की गाडी चार बोटे उंच होते, खाली काही लागत नाही, असे विनायकने समजावले. ती म्हणाली, "रेतीत खाली काय लागणार आहे? काकड्या?" लोखंडी गार्ड बघून तिने विचारले, कोणाला धडकायचे ठरले आहे. दिव्यांना म्हणाली, काम सकाळी दहाला आहे. खरे सांगते मित्रांनो, ते दिवे मला आवडले होते. म्हातारपणी कोणी कपाळावर चार दिवे लावले तर कोणाला नको असतात? पण तिने ते हातसुद्धा लावून बघितले नाहीत.

विंचपाशी मात्र ती थांबली. तारेचा दोर, मोटर, मोठा हूक. वस्तू खरी होती.

"याचा दोर बांधायचा कशाला?"

"झाडाला, आई. झाडाला बांधायचा आणि गाडी स्वतःला ओढून घेते."

"खादरात मला एक झाड दाखव."

विनायकने यादीतला विंच खोडला.

राहिले टायर. रुंद, काळेभोर, खोल नक्षीचे. त्यांच्यात तिला खोट काढता आली नाही. पाय पसरला तर रुतत नाही, हे तिला बिनशाळेचेही कळत होते. मग तिने दुकानदाराशी असा सौदा ठरवला, की चारही टायर रिमसकट बसवून द्यायचे, थोडी रक्कम ठेवून घ्यायची, आणि पाच दिवसांत रेतीत चालले तर बाकीचे पैसे, नाही तर टायर परत. दुकानदार म्हणाला, असे आजवर कोणी केले नाही. ती म्हणाली, "आपने थंडा पिलाया, इसलिए बोल रही हूँ. नहीं तो मायापुरी जाती."

त्याने टायर दिले.

रविवारी आम्ही खादरात गेलो. निघण्याआधी कृष्णातने आपली रोजची परेड केली. नवे टायर बसवणाऱ्याने त्यात कमी हवा ठेवली होती. कृष्णातने मडगार्डकडे बघितले, पितळी गेज लावला आणि चाळीस करून आणली. नव्या टायरलाही तोच हुकूम.

बंधाऱ्यावरून उतरले तेव्हा मी मोठ्या ऐटीत होते. पन्नास-साठ पावले गेले. मग मागची चाके जागच्या जागी फिरायला लागली. जितकी फिरली तितकी खाली गेली. कृष्णातने गिअर बदलला, मागे घेतले, पुढे घेतले. शेवटी माझा मागचा दांडा रेतीवर टेकला आणि मी बसले. करोल बागेचे टायर पायात घालून बसले.

विनायक फावड्याने रेती काढत म्हणाला, "बघ, म्हणूनच सांगत होतो, सगळे सामान पाहिजे. अर्धे औषध घेतले तर ताप कसा उतरेल?"

कृष्णात खाली उतरला आणि माझ्या फळीला टेकून उभा राहिला. मी त्याला पंचवीस वर्षे ओळखते. तो मनात मायापुरीचा रस्ता धरत होता.

तेवढ्यात खरबुजांनी भरलेली एक बुग्गी आली. रबरी चाकांची गाडी, तिला जुंपलेली एक म्हैस, आणि वर बसलेला रामफल नावाचा शेतकरी. त्याने विचारलेही नाही. म्हैस सोडली, दोर बांधला आणि मला ओढून घट्ट जमिनीवर आणले. मित्रांनो, जिने ब्रिगेडियरची जीप काढली तिला एका म्हशीने काढले. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

सगळे हात झटकत होते. भीमाबाई मात्र त्या बुग्गीच्या चाकाशी उकिडवी बसली होती. तिने अंगठ्याने टायर दाबला. तो पिकल्या पपईसारखा आत गेला.

"भैया, इतना आलस अच्छा नहीं. हवा तो भरवा लो."

रामफल हसला. "आलस नहीं है, माताजी. रेत में कड़ा पहिया फावड़ा है, नरम पहिया ऊँट का पाँव."

ती तशीच बसून राहिली. एकदा बुग्गीच्या चाकाकडे बघितले, एकदा माझ्या. मग उठून कृष्णातकडे आली.

"अहो, हिची हवा काढा."

"नाही."

"का नाही?"

"चाळीस लिहिले आहे."

"ते मला दिसते. लिहिले कोणी?"

"फौजेने. आकडा म्हणजे हुकूम असतो, भीमा. तुला माहीत नाही. नरम टायरने काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे." त्या दरीचे नाव त्याने घेतले नाही, पण आम्ही तिघांनीही ती गाडी पुन्हा पाहिली. भीमाबाईने ती कधी पाहिली नव्हती, तरी पंचवीस वर्षांच्या संसारात ती तिलाही पाठ झाली होती.

तिची जीभ धारदार आहे, पण कुठे म्यान करायची ते तिला कळते. ती हळू आवाजात म्हणाली, "तिथे दगड होते. इथे एक दगड शोधून आणा. सापडला तर मी गप्प बसेन."

कृष्णातने खरोखर चोहोकडे बघितले. डोळा पोहोचेल तिथवर रेती.

"मला काढता येत नाही," ती म्हणाली. "शिकवले नाही तुम्ही कधी. तुम्हीच काढा."

तो माझ्या पुढच्या चाकाशी बसला. टोपण काढून त्याने किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबला. हवा सुसकारा टाकत निघाली. तो मध्येच थांबायचा, गेज लावायचा, पुन्हा दाबायचा. अठरावर आणली. चारही चाकांत सारखी, एक पौंड कमी नाही की जास्त नाही. हुकूम मोडला तोही शिस्तीत.

आणि मी गेले. जिथे बसले होते तिथून सरळ गेले, झेंडीच्या जागेपर्यंत, आणि वळून परत आले.

विनायक उड्या मारायचा बाकी होता. "पैसा वसूल. आई, टायर ठेवून घेऊ."

"थांब," भीमाबाई म्हणाली. "आत्ता गेली ती टायरमुळे की हवा काढल्यामुळे?"

ते बघायला दुसऱ्या दिवशी माझे जुने अरुंद टायर घालून आम्ही पुन्हा आलो. हवा अठरा. मी गेले. खोटे बोलत नाही, रुंद टायरांवर जेवढी मऊ गेले होते तेवढी नाही. एका ठिकाणी घरघरले, चाक थोडे खचले, पण गेले. विनायक म्हणाला, रुंद टायर जास्त चांगले आहेत. भीमाबाई म्हणाली, "चांगले आहेतच. माझ्या बहिणीचे घरही आपल्यापेक्षा चांगले आहे. आपल्याला पाहिजे ते काम होते की नाही, एवढे सांग."

तिने चारही टायर ब्रशने घासून धुतले आणि करोल बागेत परत केले. दुकानदाराने ठेवलेल्या पैशांतून भाडे म्हणून काही कापले. ती भांडली नाही, हे तिच्या घरात अजून आश्चर्य म्हणून सांगतात. त्याच दुकानातून तिने एक पायाने मारायचा पंप घेतला. कारण रेतीतून डांबरावर आले की हवा पुन्हा भरायलाच हवी. नरम टायरवर रस्त्याने पळालात तर टायर तापून फाटतो. तिथे कृष्णातचे चाळीस पुन्हा खरे. पंप मारायचे काम विनायककडे आले, आणि त्याच्या पायाला पोटऱ्या आहेत हे घरच्यांना पहिल्यांदा दिसले.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघीच होतो. दुसरी गुडगावहून आलेली एक जीप होती. उंच, रुंद टायरांची, दिवे, गार्ड, विंच, सगळे अंगावर. नवरीसारखी सजलेली. तिचा मालक काळा चश्मा लावून उभा होता. कंपनीचा इंजिनियर माझ्या चाकांकडे बघून म्हणाला, "ये गाड़ी तो पहले से बैठी हुई है." कृष्णातने मागची फळी उघडली. आठ माणसे चढली, पाइप चढले.

आधी ती जीप गेली. सहज गेली आणि सहज आली. ती बसली असे मी सांगितले असते तर तुम्हाला बरे वाटले असते. पण ती गेली. चांगली गाडी होती.

मग मी. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक होते. जिथे आदल्या वेळी घरघरले होते तिथे आता पाठीवर पाइपांचे वजन होते. माझे मागचे चाक खचले. मला वाटले, झाले. बंधाऱ्यावर भीमाबाई उभी होती, पदर तोंडात धरून.

कृष्णातने चाक उगाच फिरवले नाही. इंजिन चालू ठेवून खाली उतरला, आणि कोणाला न विचारता चारही चाकांशी बसून आणखी तीन पौंड हवा काढली. कोणी लिहून दिलेला आकडा नव्हता तो. त्याने हाताने टायर दाबून ठरवला. मग वर बसला, खालचा गिअर घातला आणि पायाने मला इतके हळू पुढे घेतले, जसे झोपलेल्या मुलाखालून हात काढतात. मी निघाले. झेंडीला वळसा घातला आणि परत आले. वेळ जास्त लागला, पण आले.

इंजिनियरने दोघांना महिन्याचे भाडे विचारले. जीपच्या मालकाने सांगितले. कृष्णातने सांगितले. आमचा आकडा त्याच्या निम्म्याहून थोडाच वर होता. इंजिनियरला शंका आली. "इतने कम में कैसे कर लोगे?"

कृष्णात खाकरला, पण भीमाबाई बंधाऱ्यावरून खाली आलेली होती. "साहब, उनको गाड़ी का जेवर छुड़ाना है," ती म्हणाली. "हमारी तो नंगे गले से आई है."

काम मला मिळाले.

दोन वर्षे मी त्या खादरात राबले. एक दिवस खाडा नाही. पहिल्या पावसाळ्याआधी पालमच्या खोलीवर स्लॅब पडला आणि त्याच थंडीत विनायकची बायको नीला त्या खोलीत आली. दुसऱ्या वर्षी काम बाभळींच्या बाजूला सरकले. तिथे चिखल होता आणि झाडेही होती. तेव्हा भीमाबाईने स्वतः जाऊन विंच आणला आणि एका पावसाळ्यात त्याने आपली किंमत फेडली. वस्तू वाईट नसते, मित्रांनो. ती कुठे बांधायची ते आधी माहीत पाहिजे.

आता माझे वय झाले. मी दारात उभी असते, आठवड्यातून एकदा इंजिन चालू करतात. येणारे-जाणारे विचारतात, हिला काय काय लावले होते हो, म्हणून एवढे काम केले. मला त्यांचे हसू येते. माझ्यात जे होते ते जबलपूरहूनच आले होते. ते बाहेर काढायला एका बाईला जमिनीवर बसावे लागले, एवढेच.

तेव्हा एक मागणे आहे. तुमच्याही घरी कोणी जुने उभे असेल. गाडी असेल, शिवणयंत्र असेल, माणूस असेल. ते अडले की लगेच बाजारात धावू नका, आणि भंगारवाल्यालाही बोलावू नका. आधी त्याच्याजवळ खाली बसा, हात लावून बघा, कुठे कडक झाले आहे ते विचारा. बसताना कपडे मळतील. धुतले की निघतात.